समासातले भाऊराव

गेल्या वर्षात मी एकेचाळीस पुस्तकं वाचली. त्यांतलं एकही मला वाचायचं नव्हतं. तरी आमच्या गावच्या वाचनालयाने मला वर्षातला उत्तम वाचक ठरवलं, कारण नोंदवहीत माझ्या खालोखाल ज्या गृहस्थांचं नाव आहे त्यांनी चार पुस्तकं नेली आणि त्यांतली दोन अजून परत केलेली नाहीत.

मला हवं होतं ते पुस्तक एकच. माझे यजमान भाऊराव हायस्कूलमध्ये मराठीचे शिक्षक. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन तेच करायचे. त्याची तयारी घरी, ओट्याजवळ खुर्ची टाकून. ते मोठ्याने वाचायचे आणि मी भाकरी थापता थापता मध्येच तोंड घालायची. मला उत्तर द्यायचं सोडून ते कानावरची पेन्सिल काढायचे आणि समासात काहीतरी लिहायचे. विचारलं की म्हणायचे, "तुह्या कामाचं नाही." पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईच्या कामाचं काय, हे मराठीच्या मास्तरने ठरवावं! मीही हट्टाने ते पुस्तक कधी उघडलं नाही. ते गेले, आणि मग मात्र मला एकच गोष्ट खुपायला लागली. एवढं काय लिहीत होता हा माणूस?

उघडून बघणार, तेवढ्यात आमचे चिरंजीव मदतीला धावून आले. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मलकापूरला लेकीकडे होते. प्रसेनजित पुण्याहून आला, दोन दिवसांत घर आवरलं आणि बापाची चार पोती पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. मला फोटो पाठवला. फोटोत तो, पोती आणि वाचनालयाचे अध्यक्ष हिंमतराव. खाली लिहिलेलं, 'बाबांचा वारसा.' वारसा पोत्यात भरून दिला की घरात काय छान हवा खेळते!

डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच आठवड्यात मी वाचनालयात गेले. ग्रंथपाल गोपाल हा भाऊरावांचाच विद्यार्थी.

"काकू, ते पुस्तक बाहेर आहे," तो म्हणाला. "आलं की देतो नं तुमाले. पण रिकाम्या हातानं काऊन जाता? हे न्या."

हे म्हणजे शेळीपालन.

असं दर शनिवारी झालं. ते पुस्तक बाहेर, आणि माझ्या पिशवीत दुसरंच काहीतरी. घरी आणलेलं न वाचता परत करायची मला सवय नाही, त्यामुळे वर्षभरात माझं वाचन फारच चौफेर झालं. त्यात शेळीपालन सर्वांत उत्तम. लेखकाने शेळी पाहिलेली आहे हे पानापानावर कळतं. त्यानंतर वाचलेल्या प्रेमकादंबरीच्या लेखकाने बाई पाहिल्याचा तसा पुरावा मिळाला नाही. तिची शेवटची सोळा पानं कोणीतरी फाडून नेली होती. त्या परोपकारी माणसाचा पत्ता लागला तर मी आभार मानणार आहे. एका पुस्तकात पहाटे चारला उठणाऱ्याला यश मिळतं असं दोनशे पानं सांगितलं होतं. मी नोकरीभर चारला उठले. माझं यश कुठल्या एसटीत अडकलंय, कोण जाणे. हस्तरेषांच्या पुस्तकाप्रमाणे मी तिशीत विधवा होणार होते आणि मग परदेशी जाणार होते. भाऊराव बहात्तराव्या वर्षी गेले, आणि परदेश म्हणावा तर मलकापूर. सहकारातल्या एका पुढाऱ्याचं चरित्र वाचलं. त्यात चौसष्ट फोटो आणि प्रत्येकात हार, म्हणजे चरित्र हारांचंच म्हणायचं. पोलीस भरतीचं मार्गदर्शक वाचून धावण्याचे नियम पाठ झाले. आमच्याच तालुक्यातल्या एका कवीचा संग्रह तर गोपालने तीनदा दिला, कारण वाचनालयात त्याच्या बारा प्रती येऊन पडल्या होत्या.

प्रत्येक शनिवारी मात्र वाचनालयाच्या पायऱ्या चढताना छातीत धडधडायचं. आज आलं असेल, असं वाटायचं. सदुसष्ट हे वय आहे का धडधडायचं?

वर्धापनदिनाला हिंमतरावांनी मला शाल दिली, नारळ दिला आणि वाचनाने माणूस घडतो यावर वीस मिनिटं भाषण केलं. ते स्वतः कशाने घडले, हे कोणी विचारलं नाही. मग मला वर्षभराच्या वाचनावर बोलायला सांगितलं. मी शेळ्यांबद्दल बोलले, लोक हसले. शेवटी मी म्हणाले, "एकेचाळीस झाली. बेचाळिसाव्याची वाट पाहून राह्यली मी."

तेवढ्यात गोपाल मंचावर आला. त्याच्या हातात भाऊरावांचं पुस्तक. चेहरा असा फुललेला, जणू पेढे वाटायला निघालाय.

"काकू, हे माह्याच घरी होतं," तो माइकवर म्हणाला. "गेल्या तपासणीले साहेबानं लिहेल-गिचमिडेल सगळी पुस्तकं बाद केली. सरायचं पुस्तक मी बाद होऊ देईन का? रोज संध्याकाळी दोन-दोन पानं घेऊन बसलो. तीन डझन खोडरबर लागले. आता पाहा, कोरं करकरीत!"

मी पुस्तक उघडलं. समास पांढरे होते. दुसरं पान, दहावं पान, दोनशेवं पान. कुठे कुठे कागद घासून लवलवीत झाला होता.

टाळ्या पडल्या. मला गोपालच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि तिथेच बसून रडावंसं वाटलं. शाल पांघरलेल्या बाईला दोन्ही शोभत नाही, म्हणून मी नमस्कार केला आणि खाली उतरले.

लोक चहा-चिवड्याकडे गेले. गोपाल माझ्यापाशी आला. मी कोरे समासच चाळतेय हे बघून त्याचा चेहरा उतरला.

"चुकलं का काही, काकू?"

"गोपाल," मी म्हणाले, "खोडलं ते तू वाचलं होतं का?"

"हाव नं. वाचल्याबिगर कसं खोडणार? शाळेत सरायचा फळा पुसतानीही आमी आधी वाचत होतो."

"काय लिहेल होतं?"

तो पायाकडे बघायला लागला. "जास्ती करून तुमचंच होतं."

"माहं?"

"'रेणुका म्हणते', 'रेणुका म्हणते', असंच. करुणेचं पान आहे नं, तिथं होतं, 'रेणुका म्हणते, करुणेवर तासभर वाचता आणि जेवलेलं ताट उचलत नाही. बरोबर म्हणते.'"

संसारात 'बरोबर म्हणते' हे या माणसाच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. आणि एका वर्षी अचानक ते आपलं ताट उचलायला लागले होते, तेव्हा मी समजले होते की डॉक्टरने गुडघ्यांना व्यायाम सांगितलाय. नर्स ना मी! आता डोळे भरून आले, तर ऑपरेशन झालेला डोळा जास्त वाहायला लागला.

"अजून काय आठवते?"

"सगळं नाही, काकू. पंधरा-वीस निघतील. बाकीचं..." त्याने कोऱ्या समासावरून बोट फिरवलं. "मले वाटलं, मी पुस्तक वाचवून राह्यलो."

"खुर्ची घे. अन् पेन्सिल आण."

पेन्सिल त्याच्या खिशातच होती. मी करुणेचं पान काढलं.

"पण काकू," तो चाचरला, "पुढच्या महिन्यात तपासणी आहे. पुस्तक बाद होईन."

"होऊ दे बाद. मग मी घरी नेते." मी शाल बाजूला ठेवली. "सांग तू, शब्द बदलू नको. मी लिहिते."

तो सांगत गेला आणि मी समासात लिहीत गेले, रेणुका बरोबर म्हणते, माझ्याच अक्षरात. बारा झाले, तेव्हा तो थांबला आणि पुढचं आठवायला लागला. मी पेन्सिल कागदावर टेकवून वाट बघत बसले.