बोलता येईल एवढंच वजन

थोरलीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतंच. झोपेतसुद्धा बडबडते, असं तिच्या नवऱ्याने एकदा हात जोडून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि धाकट्या जावेने तिच्या खांद्याचा सगळा इलाज उभा केला, तो नेमका या तोंडाच्या भरवशावर!

त्याचं असं झालं. थोरली ब्रेडच्या बेकरीत भट्टीवर कामाला. भट्टीचा वरचा कप्पा डोक्याच्याही वर, आणि त्यात भरलेला ट्रे सरकवावा तर तिनेच, अशी तिची ख्याती. मग उजवा खांदा धरला. हात कानापर्यंत जाईना. डॉक्टरांनी दुखणं बरं केलं खरं, पण खांद्यातली ताकद गेली ती गेलीच, आणि तोवर मालकाने तिला पुढे काउंटरवर बसवून भट्टीवर दुसरा माणूस घेतला होता. आता तो माणूस हंगाम संपला की सोडून जाणार होता. मालक म्हणाला, "तेव्हा वरचा कप्पा भरून दाखवा. जमलं तर भट्टी तुमची, नाहीतर मी नवीन माणूस बघतो."

थोरली तडक धाकटीच्या जिममध्ये आली. धाकटी तिथे शिकवायची. भिंतीशी केटलबेल ओळीने मांडलेली, कान असलेले लोखंडी गोळे, लहानापासून मोठ्यापर्यंत. थोरलीने सरळ सोळा किलोच्या गोळ्याला हात घातला.

"आमचा ट्रे भरला की सोळाचा होतो. म्हणून सोळा."

"वहिनी, ट्रे तुम्ही दोन हातांनी उचलता. हे एका हाताने डोक्यावर न्यायचंय." धाकटीने आठ किलोचं पुढे केलं.

"हे? अगं, हे तर मी कागद उडू नयेत म्हणून वर ठेवीन!"

"ठेवा नंतर. आधी उचला, आणि उचलताना मला सासूबाईंची गाऱ्हाणी सांगा."

थोरलीचा चेहरा असा खुलला म्हणता! केटलबेल खांद्यावरून वर गेलं, दंड कानालगत सरळ झाला, सावकाश खाली आलं, आणि गाऱ्हाणं कुठेही अडलं नाही. मग दहाचं दिलं. अर्ध्या वाटेत सासूबाईंचं नाव घशातच राहिलं.

"बघितलंत? जड झालं की माणूस श्वास कोंडतो, कंबर मागे वाकवतो आणि खांद्याची वाट लावतो. बोलत बोलत वर जाईल ते वजन तुमचं. शब्द तुटला की ते अजून परक्याचं."

थोरलीला काही ते पटलं नाही. एका दुपारी धाकटी आतल्या खोलीत चटया गुंडाळत होती. बाहेर थोरलीची टकळी चालू होती आणि एकदम थांबली. धाकटीने हातातली चटई टाकली. धावत येऊन बघते तर काय, सोळाचं केटलबेल कपाळापर्यंत गेलेलं, कंबर कमानीसारखी, तोंड लालबुंद आणि घट्ट मिटलेलं! धाकटीने दोन्ही हात खाली घालून ते कसंबसं उतरवलं.

"खांदा परत घालवायचाय का? सांगून टाका एकदाचं, म्हणजे मी तरी सुटले!"

थोरली मटकन खाली बसली. "काउंटरवर मी मरतेय गं. आतून गरम ब्रेडचा वास येतो आणि मी पिशव्या भरत बसते. आठच्याने कधी पोचायची मी वर?"

धाकटीचा राग कुठल्या कुठे पळाला. तिच्या शेजारी बसून ती म्हणाली, "आठच्यानेच पोचाल वहिनी. माझं ऐका एवढं."

थोरलीने ऐकलं, कुरकुरत का होईना. आठाचं दहा झालं. आणि एके दिवशी बाराचं केटलबेल वर गेलं, नणंदेच्या लग्नातलं अख्खं रामायण सांगत, स्वल्पविरामसुद्धा न घेता! दोघी जावा शाळकरी पोरींसारख्या उड्या मारत सुटल्या. व्यायामाला आलेली माणसं बघतच राहिली.

आणि तो दिवस उजाडला. धाकटी ब्रेड घ्यायचं निमित्त करून बेकरीच्या आतल्या दारात उभी राहिली. मालक हाताची घडी घालून भट्टीशेजारी. थोरलीने भरलेला ट्रे उचलला आणि तोफ सुरू झाली. "ही दाराची कडी कोणी वाकवली? झाडू इथे का? माझ्या मागे काय धर्मशाळा केलीत हो भट्टीची?" ट्रे छातीशी आला, कपाळाशी आला, डोक्यावर गेला.

आणि थोरली गप्प झाली.

"वहिनी!" धाकटी मालकाला ढकलून, दोन्ही हात पसरून धावली. तिनेच ठरवली होती ती वजनं. चुकलंच शेवटी आपलं, आता खांदा गेला!

पण ट्रे केव्हाच आत सरकला होता, अगदी मागच्या भिंतीपर्यंत. थोरलीचे हात तेवढे वरच राहिले होते, सरळ, कानालगत. ती टाचा उंचावून कप्प्यात बघत होती.

"दुखलं का? बोला ना काहीतरी!"

"दुखत नाही गं." थोरलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "किती दिवसांनी बघितला मी हा वरचा कप्पा."

मग पदराने तोंड पुसून ती मालकाकडे वळली. "बघताय काय असे? पुढचा ट्रे द्या! आणि ती कडी आजच्या आज बदलून घ्या."