आतल्या माणसाला विचारा

सासूबाईंच्या बाळंतपणाची गोष्ट दर वर्षी सोपी होत चालली होती. सून घरात आली तेव्हा गोष्ट अशी होती: दोरीवर कपडे वाळत घालताना कळा आल्या आणि दोन तासांत मुलगा झाला. पुढच्या वर्षी तास एकच उरला. सून गरोदर राहीपर्यंत मजल इथवर गेली की निम्मी बादली वाळत घातली, आत जाऊन मुलगा झाला, बाहेर येऊन उरलेली बादली संपवली. आणखी वर्षभर थांबलं असतं तर त्या मुलानंच चिमटे लावून दिले असते.

ऐकणारे हसायचे. सूनही हसायची. ती लिफ्ट दुरुस्त करायची. अंधाऱ्या पोकळीत लोखंडी तारांशी झटणाऱ्या बाईला भीती कसली, असं सगळे धरून चालले होते.

तारीख उलटून नऊ दिवस झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता सलाईनमधून औषध देऊन कळा आणाव्या लागतील. अशा कळा फार जोरात येतात. दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन हवं का, याचा घरी विचार करून या. घरी विचार झाला. सासूबाई, त्यांची धाकटी जाऊ आणि नवरा या तिघांनी तो केला. सून तेव्हा आतल्या खोलीत दवाखान्याची पिशवी भरत होती. त्या इंजेक्शनानं पाठ जन्माची दुखते, असं जाऊबाई म्हणाल्या. कुणाची दुखली ते मात्र त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं दवाखान्याच्या टेबलापाशी सांगून टाकलं, "इंजेक्शन नको. आमच्याकडे सहन करतात." जणू आजवर त्यानंच तीन-चार बाळंतपणं काढली होती.

आठला सलाईन सुरू झालं. दहापर्यंत दोन कळांच्या मधे श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. सून ओरडली नाही. ती पंख्याच्या बटणाकडे बघत पडून राहिली. हात, पाय, पोट, सगळं दुसऱ्याच कुणाचं सामान असल्यासारखं लांब गेलं. अधूनमधून एक नवी सिस्टर यायची आणि दुखणं दहापैकी किती, ते विचारायची. सासूबाई सांगायच्या, "दोन." एकदा नवऱ्यानं उदार होऊन तीन सांगितले. सिस्टर लिहून घ्यायची.

दुपारी दोनला ड्युटी बदलली आणि मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी कागद वाचला, मग सुनेचा चेहरा. हे आकडे कुणाचे, असं त्यांनी विचारल्यावर सासूबाईंनी कौतुकानं स्वतःकडे बोट दाखवलं.

"तुम्हाला दुखतंय का, आजी?" सिस्टर म्हणाल्या आणि सुनेपाशी वाकल्या. "तू सांग गं."

सून पंख्याच्या बटणाकडे बघतच बोलली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

"लिफ्ट अडकली की बाहेर वीस जण जमतात. आतला बरा आहे, असं तेच सांगतात. आम्ही त्यांचं ऐकत नाही. फोन लावून आतल्या माणसाला विचारतो." कळ आली. गेली. "नऊ. मला इंजेक्शन हवं होतं. मला कुणी विचारलंच नाही."

सिस्टरांनी लगेच भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते एका ऑपरेशनमध्ये अडकले होते. मोकळे होऊन आले तोवर बाळ खाली सरकलं होतं, इंजेक्शनाची वेळ निघून गेली होती. सिस्टरांनी तेही सुनेला सरळ सांगितलं. तिनं मान हलवली.

"सोसणं वाईट नाही, आजी," सिस्टर म्हणाल्या. "काही जणी ठरवून सोसतात, मी त्यांचा हात धरून उभी राहते. पण ठरवायचं तिनं. तुमच्या त्या 'दोन'मुळे हिचे चार तास गेले. तुमच्या वेळी तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं का?"

सासूबाईंनी बादलीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. आणि गोष्ट बाहेर येईना!

"कपडे नव्हतेच," त्या हळूच म्हणाल्या. "दीड दिवस लागला. मी ओरडले तेव्हा माझ्या सासूनं तोंडावर हात दाबून धरला. शेजारी ऐकतील म्हणून. पुढं कुणी विचारलं की मी कपड्यांचं सांगायची. लोक हसायचे, विषय मिटायचा."

मग त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "ओरड बाई. ऐकू दे शेजाऱ्यांना."

सून ओरडली नाही. ओरडायलाही काही शिल्लक लागतं. चार वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली, आणि आईच्या वाटचंही तीच ओरडली.

बाहेर जाऊबाई वाटच पाहत होत्या. आवाजसुद्धा आला नाही, किती सुखानं झालं, असं त्या म्हणाल्या.

"सुखानं नाही झालं," सासूबाई म्हणाल्या. "तिला इंजेक्शन हवं होतं. आपण तिला विचारलं नाही."

नवरा खाली मान घालून आत गेला आणि कसं वाटतंय, असं त्यानं बायकोला विचारलं. बाळ तिच्या छातीवर होतं. तिनं बाळाकडे बघितलं, जसं एखाद्या अनोळखी दाराकडे बघतात.

"काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली.

असं बोलू नये गं, हे सासूबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "वाटेल तेव्हा सांग. आम्ही विचारत राहू."

मंडळी, आपल्याही घरात उद्या कुणी कळा सोसत असेल. इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे डॉक्टर समजावून सांगतील, ती ठरवील. आपण तिला विचारावं, ती म्हणेल ते खरं मानावं, आणि तोवर निमूटपणे पिशव्या धराव्यात.