खंडेनवमीला बंद ठेवलेलं मशीन

खंडेनवमी आली की माझं आणि त्रिंबकचं वाजतं. त्रिंबक आमच्या डेटा सेंटरचा इलेक्ट्रिक सुपरवायझर, पाचोडकडच्या मेंढपाळ घरातला. त्या दिवशी त्याच्या घरी लोकर कातरायच्या कातरीलासुद्धा विसावा असतो. एमआयडीसीतल्या झाडून सगळ्या कारखान्यांत मशिनी बंद करून हळदीकुंकू वाहतात, मग सर्व्हरनंच काय घोडं मारलंय, असं त्याचं म्हणणं. मी सांगून थकले की बाबा रे, यांच्यावर लोकांचे धंदे चालतात, ते बंद करता येत नाहीत.

यंदा तोडगा म्हणून मी त्याला मागच्या खोलीतलं मशीन दिलं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची एक नक्कल पुढच्या खोलीत असते आणि त्या नकलेची नक्कल मागच्या खोलीत. मागचं एक दिवस झोपलं तरी कुणाचं अडत नाही. त्रिंबकनं ते बंद केलं, झेंडूची माळ घातली आणि दसऱ्याला गावी गेला. सुरू करायचं राहूनच गेलं. मशीन बंद पडल्याची सूचना मेलवर आमच्या मालकांना, आप्पासाहेबांना जाते, आणि आप्पासाहेब मेल उघडत नाहीत.

त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर वेगळंच सीमोल्लंघन केलं. शहराचं नाव बदलल्यापासून ते मशिनींचीही नावं बदलत होते. जुन्या नावानं उरलेल्या मशिनी रिकाम्याच असणार, असं धरून त्यांनी त्या स्वतःच्या हातानं पुसल्या, पुढच्या खोलीतल्या नकलांसकट. त्यात उस्मानपुऱ्यातल्या एका मंडळाची व्हर्च्युअल मशीन होती. म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहणारा, पण चूल वेगळी असलेला कॉम्प्युटर. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातल्या माणसांच्या आठवणी मंडळानं त्यात साठवल्या होत्या, त्यांच्याच आवाजात.

सोमवारी सकाळी केसरबाई आल्या. पांढरं पातळ, जाड चष्मा, सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे पती पुंजाराम, मंडळाचे जुने कार्यकर्ते, नवरात्रात गेले होते. येत्या रविवारी त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भाद्रपदात मंडळानं पुंजारामांची मुलाखत घेतली होती, ती तिथं लावायची होती आणि ती कुठंच उघडत नव्हती. मंडळवाले फोन करून दमले, तेव्हा बाई स्वतःच रिक्षा करून निघाल्या.

"फोटू लई हायेत, बाई," त्या मला म्हणाल्या. "आवाज तेवढा तुमच्यापाशी हाय."

मी त्यांना चहा सांगितला आणि आत जाऊन पाहिलं. मशीन नव्हती. पुढच्या खोलीतली नक्कलही नव्हती, आणि पुढची पुसली की मागचीही आपोआप पुसली जाते. कुणी पुसलं ते शोधायला वेळ लागला नाही. मग आप्पासाहेबांना मी जे बोलले ते सगळ्या ऑफिसनं ऐकलं. ते मालक आहेत, मी नोकर आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही. त्यांनाही आठवलं नसावं, कारण ते खाली मान घालून बसून राहिले. बाहेर ती बाई बशीत चहा ओतून माझी वाट पाहत होती. तिला जाऊन काय सांगू, या विचारानं मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात गावाहून आलेला त्रिंबक दारात घुटमळला. "मॅडम, मागलं मशीन तसंच बंद राह्यलं वो. आता चालू करतो," म्हणाला आणि पळालाच. यालाही दोन शब्द ऐकवावेत म्हणून मी तोंड उघडलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागचं मशीन दसऱ्याच्या आधीपासून झोपलं होतं. पुसापुशी त्याला ठाऊकच नव्हती. पण जागं झाल्याबरोबर ते आधी पुढच्या मशीनला विचारणार, तिथं काय पुसलं, आणि इमानेइतबारे आपल्याकडचंही पुसणार.

मी चपला सोडून धावले. त्रिंबकचं बोट बटणावर होतं. त्याचा हात धरून बाजूला केला, मशीनच्या पाठीमागची नेटवर्कची केबल उपटली, आणि मगच त्याला म्हटलं, आता दाब.

पंखे घरघरले, वाळलेल्या पाकळ्या उडाल्या. पडद्यावर यादी आली आणि तिच्यात अष्टमीच्या रात्रीपर्यंतचं सगळं होतं. तिथून ती नक्कल एका मोकळ्या सर्व्हरवर आणून मशीन पुन्हा उभी करायची होती. दुपार झाली. अर्ध्या वाटेवर ती डिस्क तपासत अडकली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. मग हळूच लॉगिनचा पडदा उघडला. त्रिंबकनं हात जोडले. एरवी मी त्याला चिडवलं असतं.

केसरबाईंना आत बोलावून मी मुलाखत लावली. मुलाखत झाली तेव्हा त्या तिथं नव्हत्या. आता नेहमीचं भाषण असेल अशाच चेहऱ्यानं त्या बसल्या. खोकला आला, मग पुंजारामांचा आवाज.

"दर चौदा जानेवारीला मला हार घालत्यात, नामांतरासाठी जेलात गेलो म्हनून. म्या नाय गेलो. चिकलठाण्याला कंपनीत नवाच लागलो व्हतो, खाडा केला असता तर काम गेलं असतं. जेलात केसर गेली. म्या घरी लेकरांच्या भाकरी थापल्या. लोकांनी माझं नाव घेतलं अन म्या गप ऱ्हायलो. तिनं बी कधी वर काढलं नाय. तिच्या मानाचा हार म्या घेतला."

केसरबाई पडद्याकडे बघत होत्या. दारात आप्पासाहेब येऊन उभे राहिले होते, त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत. आवाज थांबला तेव्हा मी विचारलं, रविवारी एवढा भाग गाळू का, मंडळात चर्चा होईल.

"गाळू नका. समदं लावा," त्या म्हणाल्या. "पन जेल त्यांनी कुठं बघितलं? त्यांनी निम्मंच सांगितलं. ऱ्हायलेलं मला सांगावं लागंल. हाय का हितं सोय?"

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.