पहिली मोळी

जव्हार संस्थानात मोटार आली त्याच साली साखरशेतच्या मंगळूच्या कमरेला पट्टा आला. गावाने दोन्हींचा एकच अर्थ लावला. समोरून येताना दिसलं की बाजूला व्हायचं.

पट्टा चामड्याचा, त्यावर पितळी बिल्ला आणि सोबत छातीइतकी काठी. रानाच्या शिपायाची ही नोकरी मंगळूने मागितली नव्हती. तो कचेरीत कसल्याशा कामाला गेला होता, आणि उंच माणूस पाहून जंगलच्या कारभाऱ्यांनी त्याला ठेवून घेतलं. उंच माणसाला झाडावर चढता येतं का, हे कोणी विचारलं नाही.

मंगळूला येत नव्हतं. इतर कुठे हे चाललं असतं. साखरशेतला नागलीचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी माघात ऐनाच्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या. त्याला राब म्हणतात, आणि फांद्या तोडणाऱ्याला पुरुष म्हणतात. कोण किती उंच जातो यावर पोरगी द्यायची की नाही ते ठरायचं. मंगळू दोन माणसांच्या उंचीवर गेला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे.

तरी त्याला चैती मिळाली, कारण चैतीचा थोरला भाऊ सोम्या त्याचा लहानपणापासूनचा दोस्त होता. लग्नाच्या वर्षीच सोम्या म्हणाला, "तू खाली राहा. मोळ्या बांध. मी दोघांचं तोडतो. कोणाला कळायचं नाय." बारा वर्षं कळलं नाही. सोम्या गावापासून लांबची झाडं धरायचा, वर चढायचा आणि मंगळू खाली मोळ्या बांधायचा. चारचौघांत सोम्या त्याला मंगळू म्हणे. झाडावरून मात्र हाक यायची, "ए खालच्या, जागा हायस का मेलास?" मंगळू खालून शिवी द्यायचा. दिवसभर हे चाले. मंगळूला हे एवढं आवडायचं की माघ संपला की त्याला चुकल्यासारखं व्हायचं.

सोम्याची आणखी एक रीत होती. पहिली मोळी तो बहिणीच्या शेताला टाकायचा, मग स्वतःच्या.

पट्टा आला त्या वर्षी मंगळूला मोळ्या बांधायला सवड राहिली नाही. त्याला आता दिवसभर कारभाऱ्यांच्या मागे चालावं लागे. कारभारी मध्यम वयाचे, सभ्य गृहस्थ होते. राजवाड्यावर त्यांना कोणी अद्वातद्वा बोललं की ते ऐकून घेत, परत येत आणि मंगळूच्या कानाखाली वाजवत. मग शांतपणे चहा मागवत. मंगळूला पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. तिसऱ्यांदा त्याने खोडाळ्याच्या बाजारात लाकूड विकायला आलेल्या एका म्हाताऱ्याला ढकललं, आणि त्याच्या लक्षात आलं की कान दुखायचा थांबला आहे.

एके सकाळी माघातच कारभारी म्हणाले, "मनाई असताना ऐनाचे शेंडे छाटतात म्हणे तुमच्याकडे. चल, दाखव."

मंगळूने त्यांना नेमकं उलट्या दिशेला नेलं. पण रानात कोयत्याचा आवाज लांब जातो. कारभाऱ्यांनी कान टवकारले आणि पुढे झाले. ओहळाच्या काठच्या ऐनावर, पार वर, सोम्या होता. खाली एकच मोळी होती. पहिली.

"हा कोण?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"गावातला हाय, साहेब."

"तुझा कोण?"

"कोण नाय."

वरून सोम्याला पट्टा दिसला, साहेब पानांआड राहिले. तो खुशीत ओरडला, "ए खालच्या, आलास? पट्टा सैल झाला बघ, सुटंल. मग नागडा बांध मोळ्या."

कारभारी हसले. खूप नाही, नाकातल्या नाकात. "खालच्या? तुला म्हणतो? म्हणजे काय रे?"

मंगळूला तेव्हा दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक, खरं सांगायचं. दुसरी त्याने केली. सोम्या हसत हसत खाली उतरला, त्याचा पाय जमिनीला लागला, आणि मंगळूने काठी हाणली. डोक्यावर येतेय असं वाटून सोम्याने उजवा हात वर केला. मनगटातून जो आवाज आला तो सुक्या फांदीचा येतो तसा होता. मंगळूने आणखी दोन हाणल्या. त्यांची गरज नव्हती, पण एकीवर थांबलं तर साहेबांना संशय येईल असं त्याला वाटलं.

सोम्याने मोळी कोणाची ते सांगितलं नाही. तो फक्त मंगळूकडे बघत राहिला, वाट विचारणारा माणूस बघतो तसा.

कारभाऱ्यांनी मंगळूची पाठ थोपटली. गावातही त्याचा मान वाढला, हे सांगितलं पाहिजे. ज्यांच्या पोरांनी त्याच्या काठ्या खाल्ल्या होत्या तेसुद्धा म्हणाले, मंगळू मर्द निघाला, मेव्हणाही बघितला नाय. पुंजा म्हाताऱ्याने त्याला बसायला घोंगडी टाकली. आजवर टाकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना चैती म्हणाली, "पयली मोळी आपली असते. दर वरसाला."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत होतं."

मंगळूचा हात वर गेला. चैतीने हात थांबवले, शेजारचं पाण्याचं मडकं उचललं, फुटू नये म्हणून भिंतीकडे सरकवलं आणि परत येऊन तिथेच बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अंगणात वाळवण असताना आभाळ भरून आलं की बायका उठतात, तसं तिचं उठणं होतं. मंगळूने हात खाली घेतला. पण मडकं सरकलं होतं ते सरकलंच.

गावच्या सुईणीने सोम्याच्या हाताला बांबूच्या कांब्या बांधल्या. हाड जुळलं, पण तिरकं. बोटं भाकरी धरत, कोयता धरत नसत. त्या वर्षी दोन्ही शेतांना राब पुरला नाही. नागली विरळ आली.

मंगळू सोम्याकडे तीनदा गेला. सोम्याने तिन्ही वेळा उठून पाट दिला. "बसा, शिपायदादा." शिवी दिली असती तर मंगळू तिथेच पायावर पडला असता. पाटावर बसलेल्या माणसाला पाया पडता येत नाही.

पुढच्या माघात मंगळू पट्टा घालून, कोयता घेऊन भर दिवसा गावालगतच्या ऐनाखाली गेला. गाव जमलं. तो एका माणसाच्या उंचीवर गेला, मग दुसऱ्या. तिथे त्याने खोडाला मिठी मारली आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला.

"उतरव कोणी त्याला," पुंजा म्हणाला. त्याच्या आवाजात घोंगडी परत घेतल्याचं कळत होतं.

चैतीनेच त्याला उतरवलं, पाय कुठे ठेवायचा ते एकेक सांगत. मग त्याच्या हातातला कोयता घेतला, लुगड्याचा काचा घट्ट खोचला आणि चढायला लागली.

"बाईमाणूस झाडावर?" पुंजा म्हणाला.

"मग तू चढ," वरून चैती म्हणाली. पुंजाला कसलं तरी काम आठवलं.

मंगळूने पट्टा सोडून बुंध्याच्या खुंटीला अडकवला आणि मोळी बांधायला घेतली. बारा वर्षांची सवय. वेल कसा पिळायचा ते हातांना आठवत होतं. लोक हसत होते. आश्चर्य म्हणजे त्याला काही झालं नाही. एवढ्याचसाठी आपण तीन काठ्या हाणल्या होत्या, हे त्याला कळलं. त्याचा आता उपयोग नव्हता.

पहिली मोळी डोक्यावर घेऊन तो सोम्याच्या शेतात गेला. सोम्या बांधावर बसला होता. त्याने झाड, वर बहीण, सगळं इथून पाहिलेलं होतं.

मंगळूने मोळी टाकली. घाम पुसला. मग मोठ्याने म्हणाला, "अजून खालीच हाय मी, सोम्या."

आणि थांबला. मागे ऐनावर चैतीच्या कोयत्याचे घाव पडत होते. सोम्याच्या ओठाची एक कड हलल्यासारखी वाटली.

सोम्या उठला. दोन्ही हात जोडायला गेला. उजवा तिरका असल्याने तळवे नीट जुळले नाहीत.

"कशाला तसदी घेतली, शिपायदादा," तो म्हणाला. "मी आलो असतो न्यायला."

मंगळू परत झाडाखाली आला. वरून फांद्या पडत होत्या, आणि चैती खाली बघतही नव्हती.