लाल पिकअपची बारी

शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता चांद्याच्या चढावर शंभूची लाल पिकअप थांबली, आणि तिनं जी बस वर ओढून न्यायची होती ती बस तिलाच खाली ओढू लागली.

शंभूनं ब्रेकवर जवळजवळ उभं राहून दोन्ही गाड्या थांबवल्या. मागं बसच्या स्टिअरिंगवर किसन होता, त्यानंही ब्रेक लावला. शंभूच्या शेजारी बसलेले त्याचे वडील, गेणबा, काचेतून सरळ पुढं बघत राहिले. गाडी मागं जाते आहे याची दखल घेणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं. केबिनमध्ये क्लचचा जळका वास भरला.

चढ संपतो तिथं, वळणापलीकडं, नलिनी मॅडम वाट बघत उभ्या होत्या. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांना बस आणि कॅब पुरवणाऱ्या एका कंपनीच्या सगळ्या गाड्या त्यांच्या ताब्यात. बंद पडलेल्या गाड्या उचलायचं वर्षाचं काम कुणाला द्यायचं, तेही त्याच ठरवणार. त्यांच्या अटी दोन. टोइंगची गाडी डिझेलची चालणार नाही, पेट्रोलचीच हवी. आणि तिनं इंजिन बंद ठेवलेली एक बस हा चढ चढवून वर आणून दाखवायची. काम मिळालं तर शंभूचा धंदा टिकणार होता. नाही मिळालं तर घरात ठरलेलंच होतं: टोइंग बंद, आवारात आणखी खोल्या, आणि शंभूनं उरलेला जन्म भाडेकरूंसाठी पाण्याची मोटार चालू-बंद करत काढायचा.

पेट्रोलची जड पिकअप आपल्याकडं मुळात दुर्मीळ. भूगावच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं दोन निघाल्या, दोन्ही परदेशी, दोन्ही हौशी माणसांच्या हातून आलेल्या. पांढरीचं इंजिन मोठं, आठ सिलिंडरचं. आवाज घोगरा, चाल संथ. लालचं इंजिन लहान, पण आधीच्या मालकानं ते शर्यतीसाठी खास बदलून घेतलेलं. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की लाल किंचाळत सुटायची.

शंभूच्या आवारातल्या एका खोलीत भाड्यानं राहणाऱ्या अभयनं लॅपटॉपवर दोन्ही इंजिनांचे आलेख काढले. वजन ओढायचं तर कमी फेऱ्यांत रेटा देणारं इंजिन हवं, लालचा सगळा जोर वरच्या फेऱ्यांत आहे, तेव्हा डोळे मिटून पांढरी घ्या, असं त्यानं नीट समजावलं. ते सगळ्यांना पटलं. पटल्यावर गेणबा म्हणाले, "समदं खरं हाय. पर घाटात पळवून बघितल्याबिगर जनावर घ्यायचं न्हाई."

गेणबांची हयात बैलगाडा शर्यतीत गेलेली. शर्यतीच्या मैदानाला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. गेणबांनी बारी बघितल्याशिवाय कधी खोंड विकत घेतला नव्हता. व्यापाऱ्यालाही गिऱ्हाईक सोडवत नव्हतं, त्यानं दोन्ही गाड्या घाटात आणल्या. ही बातमी फुटायला फारसा वेळ लागला नाही. कुणीतरी स्पीकर लावला, कुणी झेंडा आणला. शंभूची बायको साधना गर्दीच्या कडेनं दोनदा म्हणाली, "अवं, हिला पळवायचीय का वढायचंय?" पण तेवढ्यात झेंडा पडला. लाल धूळ उडवत वर गेली, पांढरी मागून सावकाश, कुणाच्या तरी दहाव्याला निघाल्यासारखी आली. स्पीकरवाल्यानं लालला घाटाची राणी केलं. लालच्या बॉनेटवर गुलालाची पहिली मूठ टाकली ती अभयनं.

त्या गुलालाचा रंग अजून बॉनेटच्या खाचेत होता आणि गाडी चढावर अडली होती.

किसन बसमधून उतरून खिडकीशी आला. तो त्याच कंपनीचा ड्रायव्हर, पण गाव एक आणि घाटही एक.

"काय रं शंभ्या, दम हाय का न्हाई हिच्यात?"

"हाय की. फेरे वाढलं की येतोय."

"आन फेरे कवा वाढत्यात?"

"गाडी पळाया लागली की."

किसननं दोन्ही गाड्यांना जोडणारा लोखंडी दांडा पायानं हलवून बघितला आणि गेणबांकडं वळला. "आप्पा, बैल झेंड्यापाशी अडला तर मागनं गाड्याला हात लावत्यात ना?"

"लावत्यात," गेणबा म्हणाले. "पर बारी बाद हुती."

"बघितलं तर."

शंभू नको म्हणणार होता. म्हणजे त्यानं तोंड उघडलं होतं. पण त्याला ती पाण्याची मोटार आठवली आणि तेवढ्या वेळात किसन आपल्या सीटवर जाऊन बसला. मागं बसचं इंजिन सुरू झालं आणि दांड्यातून एक दमदार धक्का आला. पिकअप हलली, सरकली, पळू लागली. फेऱ्या वाढताच लाल किंचाळली. गेणबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "बग, आता लागलं जनावर."

वळणाच्या अलीकडं किसननं इंजिन बंद केलं. पुढचा सपाट तुकडा लालनं एकटीनं पार केला.

नलिनी मॅडमनी विचारलं, काही त्रास झाला का. शंभू काही सांगायच्या आधीच गेणबा बोलून गेले, "तरास कसला, बाई? घाटाची हाय ती."

मॅडम बसला एक फेरी मारून आल्या. बसच्या इंजिनाच्या झाकणावर त्यांनी हात ठेवला आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ तिथंच राहू दिला. मग म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करा. पहिला महिना बघू."

घरी साधनानं विचारलं, वढली का? शंभू म्हणाला, वर गेली. ते उत्तर त्याचं त्यालाच जड गेलं. रविवारी त्यानं भूगावला फोन करून गाडी बदलून मिळेल का विचारलं. व्यापारी म्हणाला, पांढरी एका पार्टीसाठी बुधवारपर्यंत थांबवून ठेवली आहे, आणि गुलाल पडलेली गाडी तो परत घेत नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला नलिनी मॅडमचा फोन आला. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्याकडच्या चढावर एक बस बंद पडली होती. माणसांनी भरलेली; कुणी खाली उतरायला तयार नाही, सगळे आत लॅपटॉप उघडून बसलेले.

"लगेच निघा," त्या म्हणाल्या. "आणि हो, किसन आज सुट्टीवर आहे."

शंभूनं लाल बाहेर काढली. गेणबा कुणी सांगायच्या आधीच शेजारी बसले. नऊच्या सुमारास ती हिंजवडीच्या वाटेवर, चांद्याशेजारच्या नांद्याच्या पुढं दिसली. मागं काही बांधलेलं नव्हतं, त्यामुळं अतिशय जोरात पळत होती.