लाल चिमटा कॉलरला लागला तेव्हा

“वरच्या ठिणगीने बापाचा कानच तोडला म्हणे, आणि तोही कशाने, तर...”

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचं समोरच्या बाईशी चाललेलं बोलणं एवढ्यावरच थांबलं, कारण वरून कुणाच्या तरी चपला वाजल्या. त्या ‘तर’च्या पुढे ज्याचं नाव यायचं होतं, तो मी. मी कपडे वाळत घालायचा लाल चिमटा बोलतोय. तेव्हा माझा मुक्काम काकूंच्या खिडकीतल्या कुंडीत होता, मातीत तोंड खुपसून. कान तोडायला मी काय सुरी आहे? पण जिन्यातल्या बोलण्याला कोण आवरणार!

माझा जन्म साच्यातला. दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, मध्ये स्प्रिंग, झाला चिमटा. भावंडांसोबत पुठ्ठ्याला अडकून हातगाडीवर बसलो होतो. ठिणगीच्या आईने भरपूर घासाघीस करून आम्हाला घरी नेलं. आई शिवणकाम करते, बाप वायरमन. ठिणगी त्यांची एकुलती एक लेक. शाळेतलं नाव वेगळं, पण क्षणात भडकते म्हणून हे पडलं.

ओले मोजे धरण्यात मी सुखी होतो. एकदा पोरीने भरलं ताट भिरकावलं. “का गं?” विचारलं तर म्हणाली, “मला काय माहीत!” तिलाच ठाऊक नव्हतं. तिची मावशी लहान मुलांना शिकवते. तिने मला दोरीवरून काढून पोरीच्या हातात दिलं.

“राग निवला ना, की आठवायचं. रागाच्या जरा आधी समोर काय होतं? त्याला हा लावायचा. कारण सांगायचं नाही, नुसता लावायचा.” मग मोठ्यांकडे वळून म्हणाली, “आणि कोणी हसायचं नाही. कबूल?”

“कबूल गं बाई!” बापाने शपथ घेतल्यासारखा हात वर केला. माझा त्या हातावर विश्वास बसला.

मग मी बापाच्या हत्यारांच्या पिशवीला लागलो. आईच्या पर्सच्या पट्ट्याला लागलो. पुन्हा पिशवीला. एकदा तर मावशीच्याच चपलेला! मावशीला हसू फुटत होतं, पण तिने ओठ चावला. शब्द पाळणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

एका दुपारी ठिणगी मला उघडमीट करत बसली होती. एकदम म्हणाली, “मावशी, हा नेहमी बाहेर जाणाऱ्या वस्तूंनाच लागतो.”

“बरं, मग?”

“मग... कोणी न सांगता निघालं ना, की आधी भीती वाटते. राग नंतर येतो.”

त्या दिवसापासून बाप दारातून ओरडायला लागला, “ठिणगे, निघतो गं! जेवायला घरी!” आणि ती आतून, “लवकर या!” ताटं जागच्या जागी राहिली. मीही खिडकीच्या गजाला रिकामा लटकून ऊन खात होतो.

आणि मग बापाच्या कामावरचे दोस्त चहाला आले.

“काय रे, तुझी लेक आग लावते म्हणे घराला?”

“छे! आता बाईसाहेबांचा राग चिमट्यात असतो.” बापाने मला गजावरून ओढलं आणि पोरीच्या वेणीला लावलं. “बघा, लाल दिवा लागला! लांब उभे राहा, शॉक बसेल!”

“अरे, पुढच्या वेळी तोंडालाच लाव. घर शांत!”

सगळे खदखदून हसले. आईसुद्धा, तोंडावर हात ठेवून.  मला वाटायचं मी तिचा. पण दोन बोटांत धरला की मी कुणाचाही होतो.

तिने काही फेकलं नाही. मला वेणीतून काढलं, बापाशेजारी उभी राहिली आणि त्याच्या कॉलरला लावलं. अगदी नियमाप्रमाणे. हसणं बंद पडलं. बापाने मान झटकली, मी निसटलो आणि त्याची कानाची पाळी खरवडली. “कार्टे!” म्हणत त्याने मला खिडकीबाहेर भिरकावलं. स्प्रिंग वाकली, आणि मी कुंडीत.

तर जिन्यातल्या त्या चपला ठिणगीच्याच होत्या. काकू ओशाळल्या. धावत जाऊन त्यांनी मला कुंडीतून आणलं, बाहीला पुसलं. “हा घे गं बाळ तुझा चिमटा. आणि कान खरंच...”

“खरवडला. तुटला नाही.”

“बरं बाई. वर घेऊन जा हा.”

“नको. तिथे लावला की हसतात.”

“मग माझ्याकडे येऊन लावत जा.”

“तुमच्याकडे मी कुठे रागावते?” तिने मला हातात घेतलं आणि काकूंच्या बाहीला लावलं. “फक्त आज.” आणि खाली निघून गेली.

काकूंनी मला बाहीवरून काढलं नाही, तशाच घरात गेल्या. समोरच्या बाईने दुसऱ्या दिवशी विचारलंच, “काय हो, त्या कानाचं काय झालं?” काकू म्हणाल्या, “जरासा खरवडला, एवढंच,” आणि दार लावून घेतलं.

आता मी त्यांच्या खिडकीत असतो. माझी पकड ढिली झाली आहे, रुमालसुद्धा धरवत नाही. सकाळी वायरमनचे बूट जिना उतरतात. “निघतो गं” ऐकू येत नाही. वरून आदळआपटही ऐकू येत नाही. लोक म्हणतात, पोर सुधारली. तुम्ही तरी असं म्हणू नका. आणि तुमच्या पोराने कधी मनातलं असं काही तुमच्या हाती दिलं, तर चार माणसांत ते काढू नका.