नंदूला कोणी चांगलं म्हणू नका

गुणवाल्यांची गाडी गुरुवारी येऊन गेली आणि शुक्रवारी सकाळी खालच्या तालमीची निम्मी फुटबॉल टीम हवेत होती.

दर हंगामाच्या आधी असंच व्हायचं. काळ्या काचांची ती पांढरी गाडी कोल्हापुरात यायची, मैदानाला एक चक्कर मारायची आणि न थांबता, काच खाली न करता निघून जायची. आत बसलेल्या गुणवाल्यांनी कोणाला किती तारे दिले ते दुसऱ्या दिवशी अंथरुणातच कळायचं. एक तारा मिळालेला पोरगा गादीपासून वीतभर वर तरंगत जागा व्हायचा. तीन ताऱ्यांचा नाकानं पंख्यापर्यंत पोचायचा, म्हणून जाणत्या आया त्या रात्री पंखा बंद ठेवून झोपायच्या. आणि ज्या घरात पाच तारे येतील अशी आशा असायची, तिथले लोक संध्याकाळीच डोक्यावरची कौलं उतरवून ठेवायचे.

या वर्षी पाच तारे हर्षवर्धन इंगवलेला मिळाले. तो उजाडताना घरातून सरळ वर निघाला आणि विजेच्या वायरींच्याही वर जाऊन थांबला.

मग नेहमीची धावपळ सुरू झाली. ज्या तालमीचा दोर आधी घोट्याला पडेल, तो खेळाडू त्या तालमीचा, असा पेठेतला रिवाज होता. वरच्या तालमीचे लोक शिडी आणेपर्यंत खालच्या तालमीच्या लोकांनी पाण्याच्या टाकीवर चढून फास टाकला आणि तो बरोबर घोट्यात अडकला. दुपारी हलगी लावून मिरवणूक निघाली. दोन पैलवान दोर धरून पुढं, मागं गुलालानं लाल झालेली पोरं, आणि त्या सगळ्यांच्या वर हर्षवर्धन, हात हलवत, वायरी आल्या की गुडघे पोटाशी घेत.

तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्यांचा मात्र गुणवाल्यांवर काडीचा विश्वास नव्हता. गाडीतनं उतरत न्हाईत आणि तारे वाटत सुटलेत, असं सर्जेराव रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाला म्हणायचे. पोरगं वर हाय हे दिसतंय, ते खेळतंय कुठं ते दाखवा, असं दुसरा कोणीतरी म्हणायचा. बॉल जमिनीवर असतो ही गोष्ट कट्ट्यावरच्या प्रत्येकाला पाठ होती. पण दोर टाकायची वेळ आली की टाकीवर सगळ्यात आधी चढायचे ते सर्जेरावच.

त्यामुळं प्रत्येक तालमीचं सारखंच झालं होतं. तारेवाले खेळाडू मैदानाच्या कडेला खुंटीला बांधून ठेवायचे, म्हणजे लोकांना बघता यायचे. मॅच खाली उरलेले खेळायचे.

नंदू, म्हणजे राजनंदिनी उत्तम साळोखे, इयत्ता दहावी, त्या शुक्रवारी गादीवर सपाट जागी झाली. तिनं उशी उचलून बघितली, पाठीखालून हात फिरवून बघितला. कुठंच फट नव्हती. गुरुवारी संध्याकाळभर ती मैदानावर होती, गाडी तिच्या समोरून गेली होती, आणि तिला शून्य मिळालं होतं. तिनं फरशीवर पाय टेकवले. फरशी गार होती. चहा होईपर्यंत तिला वाईट वाटलं, आणि चहात बुडवलेला बेकरीतला बटर खाताना ती ते विसरली.

सरावाला गेली तर गोलकीपर सोमनाथ आडव्या दांड्याच्या वर तरंगत होता आणि त्याच्या खालून एकामागून एक बॉल जाळीत जात होते. तालमीचे कोच बंडानाना कमरेवर हात ठेवून ते बघत होते. मग त्यांनी मैदानावर नजर फिरवली. ते फक्त पाय बघत होते.

"नंदू, पाय लागतात काय गं खाली?"

"लागतात की."

"मग जा. उभी ऱ्हा गोलात."

ती पोरगी आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण पोरगी खाली होती आणि पोरं वर, त्यापुढं त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नंदू गोलात उभी राहिली आणि तिला एक गोष्ट सापडली, जी तिनं कोणाला सांगितली नाही. बॉल यायच्या आधी तो कुठं येणार ते तिच्या तळपायांना कळायचं. गवतातून, मातीतून, शिंगरू दूर कुठंतरी उधळल्यासारखं काहीतरी धडधडत यायचं आणि ती त्या बाजूला झेपावायची. पहिली मॅच तिनं एकही गोल न खाता संपवली. दुसरीही. एका मॅचला तर तिला इतकी मजा आली की बॉल तिच्याकडं येत नव्हता तेव्हा ती गोलातच फुगडी घालत होती, एकटीच.

सेमीफायनल संपली तेव्हा पेठेनं तिला डोक्यावर घेतलं. तिचे पप्पा, उत्तम साळोखे, शाळेची रिक्षा चालवायचे. त्यांनी रिक्षातल्या प्रत्येक पोराला सगळी मॅच सांगितली, त्यांच्या आयांना सांगितली, सिग्नलला शेजारी थांबलेल्या लोकांना सांगितली. माझी नंदू म्हणजे भिंत हाय, भिंत. दूधवाल्यानं दूध जास्त घातलं. शाळेत मुख्याध्यापिका तिच्याकडं बघून हसल्या, जे त्या कोणाकडंच बघून करत नसत.

दुसऱ्या दिवशी नंदूची चप्पल पायातून गळून पडली. ती घालायची आणि पडायची.

बंडानाना खाली वाकले, खिशातून देवळाच्या जत्रेचं निमंत्रणपत्र काढलं आणि तिच्या टाचेखाली सरकवलं. ते अलगद पलीकडं निघालं.

"गुणवाल्यांनी तारे दिले न्हाईत तर काय," ते म्हणाले. "आता पेठच द्यायला लागली."

नंदूनं सांगितलं की तळपायांना काही कळेना झालंय. मुंग्या आल्यासारखं नुसतं. फायनल वरच्या तालमीशी होती आणि सर्जेरावांनी तालमीत सगळ्यांसमोर ठरवून टाकलं होतं. नंदूनं फायनल जिंकून दिली तर गोल तिचा, ती म्हणेल तोपर्यंत. हरली तर पुढल्या वर्षी बाहेरून ताऱ्यांचा कीपर आणायचा, दोर घेऊन ते स्वतः जाणार होते.

नानांनी त्याच संध्याकाळी तालमीच्या भोंग्यावरून पेठेला सांगितलं की आजपासून नंदूला कोणी चांगलं म्हणू नका. म्हणायचंच असेल तर वाईट म्हणा.

पेठेनं हे काम मनावर घेतलं. कोल्हापुरात टोमणे मारायला कोणाला शिकवावं लागत नाही, पण एवढ्या मायेनं ते आजवर कोणी मारले नव्हते. किराणावाले शेटजी दुकानातून उठून बाहेर यायचे आणि विचारायचे, काय गं, गोलकीपर हायस का चहाची गाळणी? भाजीवाली हौसाक्का म्हणायची, हिला घराचं दार लावायला येत न्हाई, ही गोल काय बंद करतीय. तिची मैत्रीण मुक्ता रोज वहीच्या कागदावर नवा टोमणा तयार करून आणायची आणि मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वाचून दाखवायची. नंदूला हसू आवरायचं नाही. प्रत्येक टोमण्यासरशी ती थोडी खाली यायची, आणि संध्याकाळी मैदानाकडं जाताना दोन्ही बाजूंनी लोक उंबऱ्यावर येऊन तिला नावं ठेवायचे तेव्हा तिला वाटायचं, आपली पालखी निघालीय. आईला वेगळं काही करावं लागलं नाही. ती रोजच्यासारखंच बोलत राहिली.

पप्पांना मात्र जमेना.

त्यांनी प्रयत्न केला. जेवताना तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले की नंदू, तू काल जरा बरी खेळलीस. नंदू पाटावरून चार बोटं वर उचलली गेली. आईनं कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून पप्पा तोंडाला मफलर बांधून फिरू लागले. पण ते नुसते बघायचे तेव्हाही नंदू हलकी व्हायची, कारण त्यांच्या डोळ्यांना मफलर बांधता येत नव्हता. शेवटी नानांनी ठरवलं की फायनलला उत्तमनं मैदानाकडं पाठ करून बसायचं.

फायनलच्या दिवशी मैदानाच्या भिंतींवरसुद्धा माणसं होती. कडेच्या खुंट्यांना दोन्ही तालमींचे तारेवाले बांधलेले होते आणि वाऱ्यानं एकाच बाजूला कलले होते. सगळ्यात वर हर्षवर्धन. फाटकाजवळ पांढरी गाडी उभी होती. फायनलला ती पहिल्यांदाच थांबली होती. काचा वरच होत्या.

नंदू गोलात गेली आणि वरच्या तालमीच्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी तिचा फोटो असलेला मोठा फलक आणला होता. नंदूताईंसारखी कीपर जिल्ह्यात झाली नाही, असं त्यांचा म्होरक्या कर्ण्यावरून सांगत होता, आणि बाकीचे हो म्हणत होते. त्यांच्या बायकांनी तर ओवाळायचं ताट आणलं होतं. नंदूचे पाय जमिनीवरून सुटले. लगेच खालच्या तालमीकडून आवाज आला, ए गाळणी. ती टेकली. पुन्हा कौतुक, पुन्हा वर. पुन्हा हौसाक्का, पुन्हा खाली. सगळी मॅच ती पाळण्यात बसल्यासारखी खालीवर होत राहिली, आणि जेव्हा जेव्हा बॉल आला तेव्हा नेमकी खाली होती.

मुक्ताच्या भावानं कोपऱ्यातून एक गोल केला. खालची तालीम पुढं गेली.

अगदी संपत आलं आणि पंचांनी वरच्या तालमीला पेनल्टी दिली.

मारायला समीर मुल्लाणी आला. त्यालाही शून्य होतं. त्यानं बॉल ठेवला, दोन्ही पाय मातीवर घासले आणि नंदूकडं बघून मान हलवली, जसं एका शून्यानं दुसऱ्याला ओळखावं.

वरच्या तालमीचे सगळे उठून उभे राहिले आणि एका सुरात नंदूचं कौतुक करू लागले. आता ते खोटं राहिलं नव्हतं. एवढा वेळ म्हणून म्हणून त्यांना ते पटलं होतं आणि काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. नंदू गुडघाभर वर गेली. मग कमरेइतकी. खालच्या तालमीचे घसे बसले होते. किराणावाले शेटजी ओठ हलवत होते पण आवाज येत नव्हता. नंदूनं दांड्याला हात लावून स्वतःला खाली ढकलून बघितलं. तळपायांना काहीच कळत नव्हतं.

बंडानाना पप्पांच्या मागं जाऊन उभे राहिले.

"उत्तम, फिर."

पप्पा फिरले. त्यांनी नंदूला बघितलं आणि ती आणखी वर गेली. त्यांनी मफलर सोडला. मैदान गप्प झालं, वरची तालीमसुद्धा, कारण उत्तम साळोखे लेकीला काय वाईट बोलणार हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं. ते विचार करत होते. सोळा वर्षांतलं सगळं ते आठवून बघत होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नंदू," ते म्हणाले, "तुझं अक्षर लई वाईट हाय."

नंदू धप्पकन खाली आली.

पाय झिणझिणले. ते खरं होतं. तिचं अक्षर वाईट होतं आणि पप्पांना ते माहीत होतं, इतकी वर्षं माहीत होतं, आणि तरी त्यांनी तिची प्रत्येक वही छातीशी धरून बघितली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठांवर हसू, आणि तळपायांखाली माती धडधडायला लागली. डावीकडं.

समीरनं मारलं. नंदू डावीकडं झेपावली. बॉल दोन्ही हातांत आला, तिनं तो छातीशी घट्ट धरला.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली. कीपर बॉलसकट जमिनीवर आला की गोल वाचला, असा नियम होता.

पण पेठ विसरली. आधी आईच ओरडली, माझी वाघीण. मग हौसाक्का, शेटजी, मुक्ता, सर्जेराव, सगळे. बसलेल्या घशांतून आवाज फुटले. दोन्ही तालमी एकच नाव घेत होत्या, आणि नंदू, आडवीच, बॉल छातीशी धरून, जमिनीला न टेकता वर निघाली.

दांड्याच्या वर. सोमनाथच्या शेजारून. त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. भिंतीवरच्या माणसांच्या वर, वायरींच्या वर. रंकाळा चकाकत होता. कितीतरी घरांवरची कौलं काढलेली होती आणि आतली रिकामी अंथरुणं दिसत होती. नंदूला भीती वाटली नाही. तिला खदखदून हसू येत होतं आणि हसण्यानं ती वेड्यासारखी गोल गोल फिरत होती.

हर्षवर्धन त्याच्या दोराच्या टोकाला होता. तो बॉलकडं बघत होता.

"जरा हातात दे की," तो म्हणाला. "सगळा हंगाम गेला."

तिनं एक हात सोडून बॉल त्याच्यापुढं धरला. त्यानं बोटानं तो हळूच दाबून बघितला.

खाली आता सगळ्यांना आठवलं होतं. सगळे तिला नावं ठेवत होते, पण हसत हसत, आणि हसत ठेवलेल्या नावांना वजन नव्हतं. सर्जेराव दोर घेऊन टाकीकडं पळत होते. पप्पा रिक्षाच्या टपावर चढून दोन्ही हात वर करून ओरडत होते, अक्षर, नंदू, अक्षर, आणि त्यांचाही चेहरा उजळलेला होता. पंच शिट्टी तोंडात धरून मान वर करून उभे होते.

मग फाटकाजवळच्या पांढऱ्या गाडीची काच खाली आली. एक टक्कल असलेलं डोकं बाहेर आलं, उन्हानं डोळे बारीक केले, आधी गवताकडं बघितलं, मग हळूहळू वर. नंदूवर नजर थांबली.

सगळं मैदान त्याला गप्प बस म्हणून ओरडलं, आणि त्यानं बोलायला तोंड उघडलं.